नाही म्हटलं तर मी कसली विश्वासी?

बेळगावहून एका बेचाळीस वर्षांच्या वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देते.

त्या एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करतात. पती उद्यमबागेतल्या कारखान्यात आहेत, मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे बारावीला, मुलगा आठवीत. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या यांच्याकडेच असतात. मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल यांच्याकडे, उपासनेला पेटी यांच्याकडे, महिला मंडळाची खजिनदारीही यांच्याकडेच. शाळा कन्नड माध्यमातून झालेली, त्यामुळे मंडळीतल्या आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे सरकारी कागद याच भरून देतात. ‘तुला सोडून कुणाला सांगू गं?’ म्हणत कुणी ना कुणी संध्याकाळी दारात उभं असतं. माहेर खानापूर तालुक्यात. तिथून दर आठवड्याला निरोप येतो, ‘येऊन जा की, तिकीट तरी कुठं लागतंय तुला.’

निपाणीच्या थोरल्या दिरांनी यांच्याच संस्थेतून कर्ज काढलं, जामीनदार म्हणून यांची सही आहे. तीन हप्ते थकले आहेत. आता तेच कर्ज नवं-जुनं करून रक्कम वाढवायची आहे आणि पुन्हा सही हवी आहे. मध्यंतरी खजिनदारी सोडते म्हणाल्या, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, ‘सेवा नाकारणं म्हणजे प्रभूला नाकारणं.’ सासूबाई बायबलमधलं वचन ऐकवतात की जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे. पती भांडखोर नाहीत, पण प्रत्येक वेळी म्हणतात, ‘तूच बघ, तुला जमतंय.’ आणि मागच्या महिन्यात मुलगी म्हणाली, ‘आई, मी मोठी झाले की चर्चमध्ये कशालाच हात लावणार नाही. तुझ्यासारखं व्हायचं नाही मला.’

पत्राच्या अगदी शेवटी कंसात एक ओळ आहे. मंडळीतले एक वडीलधारे पदाधिकारी रात्री दहानंतर ‘तुमच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली’ म्हणून फोन करतात, मेसेज करतात. बरं वाटत नाही, पण माणूस चांगला आहे.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत : ‘ख्रिस्ती बाईनं नाही म्हणावं का? म्हटलं तर मी कसली विश्वासी?’

प्रिय ताई,

सलाम. तुम्ही कंसात टाकलेली ओळ मी सगळ्यांत आधी घेते, कारण पत्रातल्या बाकी गोष्टींना आठवडा-महिना थांबता येईल, हिला नाही.

एखाद्या बाईला रात्री दहानंतर फोन करून प्रार्थना करण्याची गरज मंडळीतल्या कुठल्याही पदाधिकाऱ्याला नसते. तुमच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर त्यांनी खुशाल करावी, त्यासाठी तुमचा फोन वाजायचं कारण नाही. तुम्हाला बरं वाटत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. माणूस चांगला की वाईट याचा निवाडा तुम्ही करायचा नाही, तो केल्याशिवाय फोन बंद करता येत नाहीत असंही नाही.

आधी पतीला सांगा. त्यांना अजून सांगितलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. मग दिवसाउजेडी एक मेसेज लिहा : ‘सलाम. यापुढे मला रात्री फोन किंवा मेसेज करू नयेत. मंडळीचं काम असेल तर महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहावं किंवा आमच्या ह्यांच्याशी बोलावं.’ त्यात क्षमा मागू नका, कारण देऊ नका, शेवटी हात जोडलेलं चित्रही लावू नका. त्यावर काहीही उत्तर आलं, रुसव्याचं असो की वचनांचं, तरी तुमच्याकडून पुन्हा उत्तर जाऊ द्यायचं नाही. जुने मेसेज पुसू नका. मंडळीतल्या तुमच्या विश्वासाच्या एखाद्या जाणत्या बाईच्या कानावर घालून ठेवा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर थांबतं. नाही थांबलं, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 तुमच्या बाजूनं आहे : स्त्रीनं नापसंती स्पष्ट दाखवूनही जवळीक साधायला पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, तर तो पाठलागाचा गुन्हा होतो. तुमचं ‘करू नयेत’ हे वाक्य म्हणूनच लेखी आणि नि:संदिग्ध हवं.

आता तुमचा मोठा प्रश्न.

तुम्ही विचारलंत, ख्रिस्ती बाईनं नाही म्हणावं का. मी तुम्हाला मार्कच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायाकडे नेते. कफर्णहूम. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, येशूनं कितीतरी आजारी बरे केले. पहाटे अंधारात उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि सोबती शोधत आले, म्हणाले की सगळे तुम्हाला शोधताहेत. तो काय म्हणाला? चला, आपण आजूबाजूच्या गावांत जाऊ. म्हणजे त्या सकाळी कफर्णहूममध्ये दारात येऊन थांबलेले लोक तसेच परत गेले असणार. त्यांची गरज खोटी नव्हती. तरी तो गेला, कारण आपण कशासाठी आलो आहोत हे त्याला ठाऊक होतं. हा भाग आपल्याकडे पहाटेच्या प्रार्थनेचं महत्त्व सांगायला वाचतात. दारात थांबलेल्या त्या लोकांवर मी कधी प्रवचन ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट जुन्या करारातली, निर्गमाच्या अठराव्या अध्यायातली. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे मिटवत बसलेला. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आला, दिवसभर बघत राहिला आणि म्हणाला, तू करतोस हे काही ठीक नाही, अशानं तूही झिजून जाशील आणि हे लोकही. ‘लोकही’ म्हणाला, हे लक्षात घ्या. सगळं एकाच माणसाकडे गेलं की रांगेत उभे असणारेही थकतात, आणि जे काम करू शकले असते ते बसून राहतात. इथ्रोनं मोशेला भक्ती वाढव असं सांगितलं नाही, माणसं नेम असं सांगितलं. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पुन्हा हेच दिसतं. विधवांच्या रोजच्या वाटपात हयगय होते अशी कुरकुर झाली, तेव्हा येशूच्या बारा शिष्यांनी ते काम स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं नाही. सात जण निवडायला लावले. त्या बारांनी प्रभूला नाकारलं, असं कुणी म्हणेल का?

पाळकसाहेबांच्या वाक्याशी माझं इथंच पटत नाही. सेवेचं बोलावणं मंडळीला आहे. तुमच्या मंडळीत पेटी येणारी दुसरी मुलगी नाही का? हिशेब येणारी निवृत्त शिक्षिका नाही? नक्की असेल. पण तुम्ही आहात तोवर त्यांना कुणी विचारणार नाही. तुमची मुलगी हे पाहते आहे. तिला सेवा आणि आईचं दमून रात्री अकराला भांडी घासणं या दोन गोष्टी एकच वाटायला लागल्या आहेत. तिच्या बोलण्यानं तुम्हाला दुखलं, ते साहजिक आहे. पण तिनं श्रद्धा टाकलेली नाही, तुमच्या जगण्याचा तक्ता बघून एक हिशेब मांडला आहे. तो बदलायचा तर तिला समजावून भागणार नाही, तुमचा तक्ता बदलायला लागेल.

‘जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे’ हे मत्तयातलं वचन मी हलकं करत नाही. पण त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, थोडं वर, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही असं असावं, हेही आहे. तुम्ही सध्या होय म्हणता आणि मनात नाही असतं. मग न्हाणीघरात रडता, असं पत्रात लिहिलंय. पौलानं करिंथकरांना दुसऱ्या पत्रात देण्याबद्दल लिहिताना स्पष्ट सांगितलं की जो तो आपल्या मनात ठरवून देवो, कुरकुरत नको आणि जबरदस्तीनं नको. आधी मनात ठरवायचं आणि मग द्यायचं. ठरवायलाच मिळालं नाही, तर ते देणं राहिलं कुठं?

या सगळ्यात मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचं जन्मस्थान आपल्याच कर्नाटकातलं, सह्याद्रीतलं, 1858 सालचं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वॉन्टेजला झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना आईसारखं सांभाळलं, आणि आईसारखाच त्यांच्यावर हक्कही सांगितला. काय मानावं, काय शिकवावं, कुणाला शिकवावं यावर बिशपांपर्यंत पत्रापत्री झाली. परक्या देशात, विधवा, लहान मुलगी पदरात, राहण्या-शिकण्याचा आधार त्याच लोकांचा. तरी 1885 च्या पत्रांत रमाबाईंनी कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझं मी ठरवीन. त्यांनी ना ख्रिस्त सोडला, ना सिस्टर जेराल्डीनशी नातं तोडलं. पुढं याच बाईंनी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, पवित्र शास्त्र मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणलं. ज्या बाईनं आयुष्यभर हजारो निराधार बायका-मुलींचं केलं, तिला नाही म्हणता येत होतं. आपल्या मंडळ्यांत तिचा फोटो भिंतीवर असतो. पत्रं मात्र कुणी वाचत नाही.

तुमच्या पत्रात एक भीती न लिहिताही आहे, ती मी ओळखते, कारण ती आपल्या सगळ्यांची आहे. बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 साली सुरू झालं. तेव्हापासूनच्या दोनशे वर्षांत आपली घरं किती? थोडी. आणि त्यांच्या एकमेकांत सोयरिकी. त्यामुळे खजिनदारी सोडली की मावससासू नाराज, संडे स्कूलमधून रजा घेतली की नणंदेची जाऊ विचारणार. शिवाय बाहेरचे बघतात, शेजारी म्हणतात, ‘ख्रिस्ती लोक मायाळू असतात बघा.’ मग आपण नाही म्हटलं तर आपली साक्ष बिघडेल, मंडळीचं नाव जाईल, असं वाटत राहतं. मराठी बोलणारी, ख्रिस्ती, कन्नड मुलखात राहणारी बाई तीन बाजूंनी थोडक्यांतली. थोडक्यांतल्या माणसाला सगळ्यांशी चांगलंच राहावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण शेजाऱ्यांना दिसते ती तुमची माया आहे की तुमची भीती, हे तुम्ही स्वतःला एकदा विचारा. थकून, ओठ आवळून भरलेल्या फॉर्मातून ख्रिस्ताची साक्ष कुणालाही मिळत नाही. फॉर्म तेवढा भरून मिळतो.

तर फॉर्मांपासूनच सुरुवात करू. इथं नाही म्हणणं सगळ्यांत सोपं आहे आणि सरावाला बरं. तुम्हाला कन्नड येतं, हे आपल्या भागात खरोखरच मोलाचं आहे. जमिनीचा पहाणी उतारा वाचता न आल्यानं फसलेली मराठी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ही मदत सोडू नका, पण दार रोज उघडं ठेवू नका. एक दिवस आणि एक वेळ ठरवा, उदाहरणार्थ शनिवारी संध्याकाळी दोन तास. घरात नको, चर्चच्या हॉलमध्ये. तिथं तरुण संघातल्या, कन्नड माध्यमात शिकणाऱ्या दोन-तीन पोरांना शेजारी बसवा. इतर दिवशी कुणी आलं तर, ‘शनिवारी हॉलवर या, आणि कागद सगळे आणा.’ रेशन कार्डासारखी कामं ग्राम वन, कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रांत होतात. तिथं थोडं शुल्क पडतं म्हणून लोक तुमच्याकडे येतात. तुमचा वेळ फुकटचा धरला जातो, म्हणून ते शुल्क लोकांना महाग वाटतं.

बसचंही तसंच. 2023 च्या जूनपासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, ही आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी फार मोठी गोष्ट झाली. पण तिकीट माफ झालं म्हणून दिवस माफ झाला नाही. आईला सांगा, महिन्यातून एक रविवार उपासना झाली की येईन आणि मुक्काम करीन. ठरलेला एक दिवस आईला चार धावत्या भेटींपेक्षा जास्त आवडेल, असं मला वाटतं. मधल्या आठवड्यांत भाऊ-भावजय आहेत.

जामीनकीबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. सही करू नका.

तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला हे माहीतच आहे, पण घरातल्या माणसाच्या बाबतीत माहीत असलेलंही विसरायला होतं. आणि हे वाचणाऱ्या कितीतरी बायकांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. जामीनदार म्हणजे ओळख पटवणारा साक्षीदार नव्हे. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर कर्जदाराची जितकी देणेदारी तितकीच जामीनदाराची. संस्थेनं आधी कर्जदाराकडे जाऊन थकायला हवं असं बंधन नाही, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. वसुली लागते, आणि नोकरी त्याच संस्थेत असेल तर रोज त्याच टेबलावर बसून ती सोसावी लागते. आधीची जामीनकी तुम्हाला एकतर्फी काढून घेता येणार नाही. कर्ज फिटलं किंवा संस्थेनं दुसरा जामीनदार स्वीकारला, तर सुटका. पण कर्ज नवं-जुनं करताना अटी बदलतात, रक्कम वाढते, म्हणून तर तुमची सही पुन्हा मागताहेत. न देण्याची हीच वेळ.

आणि वचनाचंच म्हणाल, तर नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात वाचा. शेजाऱ्याला जामीन राहिलास तर स्वतःच्या शब्दांनी सापळ्यात सापडलास, डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, हरिणासारखा सुटून जा, असं तिथं आहे. सासूबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवा असं मी म्हणत नाही, वचनांची फेकाफेक घरात नको. तुमच्या मनाला धीर म्हणून वाचा. लूकच्या बाराव्या अध्यायात एक जण येशूला सांगतो की माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? घरच्या पैशाच्या भानगडीत पडायला त्यानंही स्वच्छ नकार दिला होता.

दिरांशी बोलणं तुमच्या पतीनं करायचं. त्यांचा सख्खा भाऊ आहे. ‘तूच बघ, तुला जमतंय’ हे या बाबतीत चालणार नाही, आणि हे पतीला सांगणं हीच कदाचित तुमची सगळ्यांत अवघड मर्यादा असेल. शांतपणे, मुलं झोपल्यावर : ‘मी सही करणार नाही. दादांना हे तुम्ही सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगीन, पण मग ते मला आवडणार नाही.’ मदत करायचीच असेल, तर दोघांनी मिळून ठरवून, जमेल तेवढी रक्कम द्या आणि ती परत येणार नाही असं धरून द्या. ती सही नव्हे, ते देणं आहे. थकलेले हप्ते कसे भरता येतील यासाठी त्यांना संस्थेच्या व्यवस्थापकांशी बोलायला लावा.

सासूबाईंची गोष्ट वेगळी आहे. इथं मी तुम्हाला हात झटकायला सांगणार नाही, तुम्हीही ते मागत नाही. आजारी, परावलंबी माणसाचं करणं हे देणं लागतं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ज्या लोकांवर कडाडला, ते देवाला वाहिलंय या नावाखाली आई-बापांना द्यायचं चुकवत होते. पण देणं कुणाचं? आधी मुलांचं. तीन भावंडं आहेत असं तुम्ही लिहिलंय. निपाणीचे दीर, हुबळीच्या वन्सं आणि तुमचे मिस्टर. अंघोळ, औषधं, व्यायाम, दवाखान्याच्या फेऱ्या, रात्रीचं उठणं, यांची एक यादी पतीनं स्वतःच्या हातानं करावी. तुम्ही नको. यादी करतानाच त्यांना कळेल की घरात काय काय होतं. मग भावंडांना एकत्र फोन करून तीन प्रश्न ठेवावेत : महिन्याचा खर्च कोण किती देणार, वर्षातले कुठले आठवडे आई कुणाकडे राहणार, आणि दिवसातून काही तास मदतनीस ठेवली तर तिचा पगार कसा वाटायचा. सगळेच हो म्हणणार नाहीत. वन्सं कदाचित रडतील, दीर जामीनकीचा राग इथं काढतील. तरी पतीला कळलेलं काही वाया जात नाही. रात्रीचं उठणं आठवड्यातले चार दिवस त्यांनी घ्यावं, ही मागणी तर तुम्ही उद्याच करू शकता, त्याला निपाणीची परवानगी लागत नाही.

आणि सासूबाईंशी थोडं बसा. कामाचं नव्हे, नुसतं. ज्या बाई वचनं ऐकवतात, त्यांनाही आयुष्यभर कुणी नाही म्हणू दिलेलं नसतं. मला कधी कधी वाटतं, सुनेनं नाही म्हटलं की त्यांना सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच.

इथं थोडं इतर वाचकांसाठी. या ताईंचं घर त्रासाचं आहे, धोक्याचं नाही. तुमच्या घरी मारहाण होत असेल, पगार हिसकावून घेतला जात असेल, नाही म्हटल्यावर जीव घाबरत असेल, तर वरचा सल्ला तुमच्यासाठी नाही. वाक्यं घोकून मर्यादा घालायला जाऊ नका. आधी सुरक्षित व्हा. महिलांसाठी 181, तातडीला 112. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. ‘क्रूस वाहा’ म्हणून मार खात राहायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, मग त्यानं कुठलाही झगा घातलेला असो.

ताई, राहिली मंडळी. तिन्ही कामं एकदम सोडू नका. पाळकसाहेबांना तो राग वाटेल, आणि खरं तर तुम्हालाही ते नको आहे. तुम्हाला मुलांना शिकवायला आवडतं, हे पत्रातल्या त्या एका ओळीत दिसतं जिथं तुम्ही पोरांच्या प्रश्नांबद्दल लिहिलंय. ते ठेवा. पेटी आलटूनपालटून करा, दुसऱ्या मुलीला शिकवायला आत्तापासून घ्या. खजिनदारी सोडा. महिला मंडळाच्या बैठकीत हिशेबाची वही, पासबुक, पावत्या सगळं मांडून, तपासून घ्या आणि सह्या घ्या, म्हणजे मागं कुणी बोलायला जागा उरणार नाही. पाळकसाहेबांना आधी भेटा, पतीला सोबत न्या, आणि एवढंच बोला : ‘पाळकसाहेब, संडे स्कूल मी मनापासून करीन. खजिनदारी नाताळनंतर करणार नाही. तोवर जिला द्यायची तिला सगळं शिकवून देते.’ ते वचन काढतील. वाद घालू नका. ‘मी प्रार्थना करून ठरवलंय’ म्हणा, आणि खरंच प्रार्थना करून जा. ते रागावले तर रागावू द्या. त्यांच्या मनाची शांती सांभाळणं ही तुमच्याकडची चौथी सेवा नाही.

पहिले काही आठवडे वाईट जातील. कुणीही न बोलता तुम्हालाच अपराधी वाटेल, रात्री उठून वाटेल की उद्या फोन करून हो म्हणावं. ही भावना तुम्ही चूक केल्याचा पुरावा नाही. वीस वर्षांची सवय आहे, ती सुटताना ओरडते. तेव्हा लगेच काही बोलू नका. कुणीही काहीही मागितलं तरी ‘उद्या सांगते’ म्हणायची सवय लावून घ्या. घरी येऊन स्वतःला विचारा : हे माझं देणं आहे का? नसेल, तर हे मी आनंदानं देऊ शकते का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर ‘ताई, हे मला जमणार नाही’ एवढं वाक्य पुरतं. कारण दिलंत की समोरचं माणूस कारणावर उपाय काढून देतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नव्या-जुन्याचे कागद याच महिन्यात पुढं जाणार, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून क्रम असा ठेवा : रात्रीच्या फोनबद्दल पतीशी आज बोला आणि तो मेसेज उद्याच जाऊ द्या, जामीनकीचा निरोप या रविवारच्या आत निपाणीला पोचू द्या, आणि तुमच्या विभागात आधीच कळवा की तुमच्या सहीचा कागद कुणी तुमच्या वतीनं आणला तर तो घेऊ नये. बाकीचं त्यानंतर, एकेक करून.